बिट्टूचे दात आणि घरादाराचे हात

‘ताई, आमच्याकडे बिट्टू नावाचा लॅब्रेडॉर आहे. आणला तेव्हा पस्तीस दिवसांचा होता, आता साडेतीन महिन्यांचा आहे. आल्यापासून चावतोय, दिवसभर काही ना काही तोंडात हवंच. चपला, सोफ्याचा कोपरा, फडकी, आणि सगळ्यात आवडते आमचे हात. संध्याकाळी सातच्या सुमारास तर अंगात आल्यासारखा घरभर धावतो आणि दिसेल त्याला चावतो. सासूबाईंचा पदर धरून लोंबकळतो, त्या घाबरून सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात. सात वर्षांच्या लेकीच्या मनगटावर परवा रक्त आलं, मी हळद दाबली. शेजारचे काका म्हणाले, नाकावर टिचकी मारा. मिस्टर त्याचं तोंड हातात घट्ट दाबून धरतात आणि ओरडतात, पण आता तो त्यांच्यावर गुरगुरायला लागलाय. काल फरशीवर रक्ताचा थेंब आणि एक चिमुकला दात सापडला. सगळे म्हणतात, दात येताहेत, होईल आपोआप कमी. खरंच होईल का? की आम्हाला पिल्लू सांभाळायला जमतच नाहीये?’
– एक आई, डोंबिवली

प्रिय ताई,

आधी लेकीच्या मनगटाचं बोलू, बाकी सगळं नंतर. पिल्लाच्या दाताने कातडी फाटून रक्त आलं की हळद, चुना, तिखट, कॉफी पावडर यातलं काहीही लावायचं नाही. नळाखाली साबणाने चांगली पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा पुष्कळ मोठी असतात. आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. पिल्लू घरातलं आहे, गोड आहे, लस झाली आहे, हे सगळं डॉक्टरांना सांगा. इंजेक्शन घ्यायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. रेबीज झाल्यावर औषध नाही, आधी घेतलेल्या लसीने मात्र तो टळतो. सरकारी दवाखान्यात ही लस मिळते. बिट्टूची स्वतःची रेबीजची लस साधारण तीन महिन्यांना द्यायची असते. त्याच्या कार्डावर ती लागली आहे का, हे आज रात्रीच बघा. परवाची जखम अजून कुणाला दाखवली नसेल तर उद्या सकाळी शाळेआधी दाखवून घ्या. उशीर झाला म्हणून आता काय उपयोग, असं इथे नसतं.

आता तो फरशीवरचा दात. घाबरू नका. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात, सुईसारखे टोकदार. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात, आधी पुढचे बारके, मग दाढा आणि सुळे. सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत बेचाळीस पक्के दात भरतात. बरेचसे दात पिल्लू जेवता जेवता गिळून टाकतं, म्हणून आपल्याला दिसतच नाहीत. खेळण्यावर रक्ताचा गुलाबी डाग दिसला तरी चालतो. तोंडाला खूप घाण वास यायला लागला, जेवण सोडलं, किंवा नवा सुळा आला तरी जुना शेजारी तसाच उभा राहिला, तर मात्र प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. असे अडकलेले दात पॉमेरेनियनसारख्या लहान जातीत जास्त दिसतात, पण बघून ठेवलेलं बरं.

पण ‘दात येताहेत म्हणून चावतो’ हे अर्धंच खरं आहे. तुम्हीच लिहिलंय की तो आल्यापासून चावतोय. दोन महिन्यांच्या पिल्लाचे दात पडत नसतात. तेव्हा तो खेळत होता, आणि पिल्लं तोंडानेच खेळतात. आता त्यात हिरड्यांचा ठणका मिळालाय, म्हणून जोर वाढला. ठणका आणखी तीनेक महिन्यांनी थांबेल, पण तोवर हाताला चावायची सवय मुरली असेल तर ती दातांबरोबर पडून जाणार नाही. फक्त तेव्हा तोंडात पक्के दात असतील आणि अंगाखाली पंचवीस किलो वजन. म्हणून ‘होईल आपोआप’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एका गावठी कुत्रीने सहा पिल्लं घातली होती. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी तिथे पायरीवर बसून राहायचे. एक काळं पिल्लू फार दांडगट. ते भावाचा कान धरायचं आणि झटका द्यायचं. भाऊ ‘क्यांव’ करून ओरडायचा आणि सरळ उठून आईच्या पोटाशी जाऊन पडायचा. काळं पिल्लू एकटंच उभं राहायचं, कान मागे, शेपूट खाली, आता काय झालं असं बघत. मिनिटाभराने परत जायचं, परत कान धरायचं, पण या वेळी जरा सांभाळून. दुधाच्या वेळीही तेच. सडाला दात लागला की आई उठून चालू पडायची आणि सगळी भुकेली पिल्लं तिच्यामागे लटपटत. कुणी कुणाला मारलं नाही. जोरात चावलं की खेळ संपतो आणि दूध संपतं, एवढं दिवसातून पन्नास वेळा घडत होतं. दहाव्या आठवड्यापर्यंत तेच काळं पिल्लू भावाचं अख्खं डोकं तोंडात धरायचं आणि भाऊ निवांत पडून असायचा.

बिट्टू पस्तिसाव्या दिवशी तुमच्याकडे आला. म्हणजे ही शाळा नुकतीच भरली होती आणि त्याचं नाव काढलं. यात तुमचा दोष नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नसणार. पण आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला आपल्याकडे 2017 च्या नियमांनुसार बंदी आहे, आणि तरीही महिन्याभराची पिल्लं सर्रास विकली जातात. ‘लहान आणलं की लळा लागतो’ असं सांगून विकतात. लळा तीन महिन्यांच्या पिल्लालाही लागतो. भावंडांकडून जे शिकायचं असतं ते मात्र राहून जातं. हे मी चिडून लिहितेय, कारण दर महिन्याला येणाऱ्या पत्रांतली निम्मी पत्रं अशाच पस्तीस दिवसांच्या पिल्लांची असतात.

तेव्हा आता भावंडांचं काम तुम्हा चौघांना करायचंय. त्याचं तोंड बंद पाडायची घाई करू नका. आधी जोर कमी करायचा, मग चावणं कमी करायचं. इयान डनबार हे इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेले पशुवैद्य आणि कुत्र्यांचे शिक्षक बरीच वर्षं हाच क्रम सांगत आले आहेत, आणि मला तो मनापासून पटतो. ज्या कुत्र्याला आपल्या जबड्याचा जोर कळतो, तो उद्या दारात शेपटीवर पाय पडला, दचकला, तरी दात टेकवून सोडून देतो. ज्याला तो कधी कळलाच नाही, त्याच्याकडून तसल्याच क्षणी टाके पडतात.

करायचं असं. तुम्ही जमिनीवर बसून त्याच्याशी खेळताय. हलकं तोंड लागलं तर पहिले आठ-दहा दिवस सोडून द्या. दुखेल इतकं चावला, की त्याच क्षणी हात ढिला सोडा. ओढू नका. ओढलेला हात त्याला पळणाऱ्या सशासारखा वाटतो आणि कातडी फाटते ती बहुतेक वेळा आपल्या ओढण्यानेच. ‘बस्स’ असा एकच शब्द साध्या आवाजात म्हणा, उठा, पाठ फिरवा आणि दाराच्या पलीकडे जा. अर्धा मिनिट, त्याहून जास्त नको. दोन मिनिटांनी तो काय झालं होतं ते विसरलेला असतो. मग परत या आणि काही झालं नाही असं खेळायला बसा. परत चावला तर परत उठा. तिसऱ्यांदा चावला तर तो खेळ आटपा आणि त्याला चघळायला काहीतरी द्या. दुखेल असं चावणं कमी झालं की हळूहळू मध्यम जोरावरही उठायचं, मग हलक्यावरही. दोन-तीन आठवड्यांत दात कातडीला नुसते टेकायला लागतात. पुष्कळजण ‘आई गं’ असं जोरात ओरडायला सांगतात. काही पिल्लं त्याने थबकतात, काही मात्र आणखी चेकाळतात. बिट्टू कुठल्या गटातला ते एकदा बघा. चेकाळत असेल तर ओरडणं लगेच बंद.

यात सगळ्यात अवघड गोष्ट ही की चौघांनी एकच वागायचं. तुम्ही उठून जाताय आणि मिस्टर रात्री कामावरून आल्यावर हाताने त्याचं थोबाड हलवत मस्ती करताय, असं असेल तर त्याला काहीच कळणार नाही. हात हे खेळणं नाही, हे घरातल्या प्रत्येक हाताने सांगावं लागतं. मस्ती करायचीच असेल तर दोरीच्या खेळण्याने करा, आणि सध्या दात हलत असल्यामुळे झटके न देता, खाली धरून, हलक्या हाताने.

आता नाकावरची टिचकी आणि तोंड दाबणं. काकांना तुमची काळजी आहे म्हणून त्यांनी सांगितलं, मिस्टरांनीही लेकीच्या काळजीनेच केलं. तरीही आजपासून बंद करा, अगदी आज. माझ्या लहानपणी आमच्या घरी राणी होती. तिला चावते म्हणून नाकावर टिचक्या आणि गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचे फटके मीही दिले, तेव्हा तेच शिकवलं जायचं. चावणं थांबलं. पण समोरून हात आला की मान खाली घालून डोळे मिटून घेणं जे सुरू झालं ते जन्मभर राहिलं. बारा वर्षांची असताना तिच्या डोळ्यांत औषध घालायला मी हात पुढे केला आणि तिने तशीच मान खाली घातली. तेवढ्या वर्षांत मी तिला हजार वेळा कुरवाळलं होतं. अजून तो क्षण आठवला की घशात येतं.

बिट्टू मिस्टरांवर गुरगुरतोय, ते त्याचं सांगणं आहे: भीती वाटते, थांबा. या गुरगुरण्याला कधीही शिक्षा करू नका. गुरगुरल्यावर मार बसला तर कुत्रा गुरगुरायचं सोडतो, भीती तशीच राहते, आणि मग एक दिवस ‘काही न सांगता चावला’ म्हणून लोक सांगतात. सांगत होता, आपणच त्याला गप्प केलं. मिस्टरांनी पुढचे पंधरा दिवस रोज दोन वेळचं जेवण त्याला स्वतःच्या हाताने, उघड्या तळव्यावर, थोडं थोडं भरवावं. हनुवटीखाली खाजवावं, डोक्यावरून हात आणू नये. साडेतीन महिन्यांचं पिल्लू मनात धरून बसत नाही, दोस्ती लवकर होईल. आणि खेळातलं गुरगुरणं वेगळं. तेव्हा अंग सैल, वळवळणारं असतं. जेवणाच्या भांड्यावर किंवा हाडावर अंग ताठ करून, हलायचं थांबून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत गुरगुरला, तर घरच्या घरी उपाय करू नका. न मारता शिकवणारा माणूस शोधा आणि घरी बोलवा.

सातच्या अंगात येण्याबद्दल एक प्रश्न विचारते. बिट्टू दुपारी किती झोपतो? या वयाच्या पिल्लाला दिवसाकाठी अठरा तासांच्या आसपास झोप लागते. तुमच्या घरात लेक दोनला शाळेतून येते, चारला क्लासच्या मैत्रिणी, पाचला मावशी कामाला, सहाला सासूबाईंची मालिका, असा दिवस असेल तर पिल्लाला डोळा मिटायला जागा कुठे आहे? लग्नघरात रात्री अकराला लहान मुलं कशी रडत, लोळत, मारामारी करत असतात, तसंच हे. दमलेलं पिल्लू झोपत नाही, चावतं. मी तर म्हणेन तुमच्या पत्रातली निम्मी चावाचावी झोपेची आहे. तासभर जागा असला की शू-शीला नेऊन आणा आणि शांत खोलीत किंवा मोठ्या पिंजऱ्यात, वर चादर टाकून, दोन तास पडू द्या. साडेसहाला तर नक्की. आठवडाभर हे एवढं एकच करून बघा, फरक दिसेल.

हिरड्यांच्या ठणक्याला गारवा लागतो. जुना सुती पंचा ओला करा, पिळून त्याला पीळ घाला, गाठ मारा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. दोन-तीन तयार असू द्या. चावला की हा समोर धरायचा, आणि धागे निघायला लागले की काढून घ्यायचा, नाहीतर तो धागे गिळेल. गार केलेलं जाडसर गाजर चालतं, तुम्ही समोर बसलेल्या असताना. पोकळ रबरी खेळण्यात आळणी दहीभात भरून गोठवला की अर्धा तास घर शांत. चघळायची कुठलीही वस्तू अंगठ्याच्या नखाने दाबून बघावी. खूण उमटली तर द्यावी. मटणाच्या नळ्या देऊ नका, दात तुटतो. आणि शिजवलेल्या हाडांच्या तर सुया होतात. जुनी चप्पल किंवा गाठ मारलेला मोजाही नको. कुठली चप्पल जुनी आणि कुठली परवा ठाण्याहून आणलेली, हे त्याने कसं ओळखायचं? हिरड्यांना माणसांची जेल लावू नका आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन तर मुळीच देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेततं. हातांना कडुनिंब किंवा मिरची चोळायचा सल्लाही कुणीतरी देईल. मिरची त्याच्या डोळ्यांत जाते, तुमच्या लेकीच्याही.

शिवाय तो लॅब्रेडॉर आहे हे विसरू नका. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात काम करायचे, पुढे इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये शिकार झालेले पक्षी तोंडात धरून, दात न लावता, मालकाला आणून देण्यासाठी ही जात वाढवली गेली. तोंडात काहीतरी धरणं ही त्याची गरज आहे. घरात कुणी आलं की त्याच्या तोंडात त्याचं कापडी खेळणं द्या. खेळणं धरलेल्या तोंडात हात मावत नाही. आणि ‘सोड’ शिकवा, हिसकावून घेऊन नव्हे, बदल्यात दुसरं काहीतरी देऊन. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा नाकाशी न्या, तोंड उघडलं की ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या, आणि जमलं तर आधीची वस्तूही परत द्या. सोडल्याने काही जात नाही हे त्याला पटलं की पुढची दहा वर्षं तुमची.

लेकीला ‘झाड’ शिकवा. बिट्टू अंगावर आला की पळायचं नाही, किंचाळायचं नाही. दोन्ही हात छातीशी घ्यायचे, पाय रोवायचे, छताकडे बघायचं. झाडाशी खेळायला मजा येत नाही, तो निघून जातो. आधी बिट्टू नसताना तुम्ही बिट्टू बना आणि तिच्याकडून वीस वेळा करून घ्या. मुलांना हा खेळ फार आवडतो. तिने त्याला हातातून खाऊ भरवायचा नाही सध्या, जमिनीवर टाकायचा. ‘बस’ म्हणायचं, तो बसला की दाणा टाकायचा. आणि दोघं एका खोलीत एकटे नकोत, तुम्ही भाजी टाकायला दोन मिनिटं गेलात तरी नकोत. लहान बाळासाठी दाराला जाळीचं फाटक लावतात ते स्वयंपाकघराच्या दाराला बसवून घ्या, या सगळ्या खटाटोपात त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या बाजूने मी पूर्ण आहे. या वयात कातडी कागदासारखी पातळ होते, आपल्याला ओरखडा तो त्यांना घाव, आणि पदर तोंडात घेऊन धावला तर त्या पडतील, त्याची मला चाव्यापेक्षा जास्त काळजी वाटते. हलणारा पदर बघून पिल्लाने धावू नये, अशी अपेक्षा अजून दोन महिने तरी करू नका. पदर खोचून घ्या म्हणावं. त्यांच्या पूजेच्या आणि मालिकेच्या वेळेला बिट्टू फाटकाच्या आत, गोठवलेला दहीभात घेऊन. बाकी वेळी तुम्ही घरात असताना त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला हातभर हलकी दोरी लोंबती ठेवा. पदराकडे झेपावला की अंगाला हात न लावता दोरी धरून बाजूला घेता येतं. (झोपताना आणि एकटा असताना दोरी काढायची, अडकते.) तरीही पदर धरलाच तर त्यांनी ओढू नये, जागेवर उभं राहून तुम्हाला हाक मारावी, आणि तुम्ही ‘सोड’ करावं. आणि एक गोष्ट जमली तर बघा. दुपारी तो झोपून उठतो, डोळे अजून जड असतात, तेव्हाची पाच मिनिटं तो कुणालाच चावत नाही. त्या वेळी सासूबाईंना खुर्चीत बसवून बिट्टूला त्यांच्या पायाशी आणा आणि त्यांच्या हातून त्याच्या समोर चार दाणे टाकू द्या. रोज त्याच वेळी, त्याच खुर्चीत.

‘आम्हाला जमतच नाहीये का’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. फरशीवरचा चिमुकला दात ज्यांना दिसतो, त्यांना जमतं. तो दात टाकला नसेल तर धुऊन डबीत ठेवा. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत सुळे पडतील. ते मिळाले तर तेही ठेवा, आणि बिट्टू सात महिन्यांचा झाला की मला पुन्हा लिहा, सासूबाई खाली पाय सोडून बसताहेत का तेही.